मतपेटी घरी येते, पण थांबत नाही

दिवाळी अंकात कामाचे अनुभव लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात. त्यांच्याजवळ सांगायला अख्खी नोकरी असते. माझ्याजवळ दोन निवडणुका आहेत, एक लोकसभेची आणि एक विधानसभेची. त्याही मी नोकरी म्हणून केल्या नाहीत, कॉलेजची स्वयंसेवक म्हणून केल्या. संपादकांना मी तसं कळवलं. त्यांनी विचारलं, चिडचिड झाली होती का? म्हटलं, खूप. मग ते कामच होतं, लिहा, असं त्यांचं उत्तर आलं. म्हणून लिहिते आहे. काही कमी-जास्त झालं तर सांभाळून घ्या.

मी अमरावतीत एम.ए. करते. बडनेऱ्याच्या पुढं आमचं फुलांचं शेत आहे. झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळं तिथं कोणी काही काम सांगितलं की नाही म्हणायचं मला अजून जमत नाही. मतदार जागृतीसाठी कॉलेजनं काही मुलं द्यायची होती. बस चुकल्यामुळं मी बैठकीला उशिरा पोहोचले. तोवर रॅली, रांगोळी, पथनाट्य सगळं वाटून झालं होतं. उरलं होतं टपाली मतदान. ते कोणालाच नको होतं, कारण त्यात फोटो काढण्यासारखं काही नसतं.

आईनं विचारलं, "तुले काय भेटते त्याच्यात?" मी म्हटलं, प्रमाणपत्र. ती म्हणाली, "मंग दिवाळीचे हार काय प्रमाणपत्र ओवीन?"

बाहेरच्या वाचकांसाठी हे काम साधेपणानं सांगते. टपाली मत देणारे साधारण तीन प्रकारचे लोक असतात. एक, निवडणुकीच्या कामावर नेमलेले कर्मचारी. त्यांनी आधी अर्ज द्यायचा आणि ठरलेल्या सुविधा केंद्रावर जाऊन मत द्यायचं. दोन, सैन्यातले जवान. त्यांना मतपत्रिका संगणकावरून मिळते आणि ती भरून पोस्टानं परत पाठवायची असते, अशी की मतमोजणी सुरू होण्याच्या आधी पोहोचली पाहिजे. तीन, पंच्याऐंशीच्या वरचे वृद्ध आणि दिव्यांग, ज्यांना घरून मत द्यायचं आहे. त्यांनी निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांच्या आत एक अर्ज बीएलओकडे द्यायचा. बीएलओ म्हणजे आपल्या केंद्राची मतदार यादी सांभाळणारी व्यक्ती, बहुधा शिक्षक नाहीतर अंगणवाडी सेविका. अर्ज मंजूर झाला की यादीत त्या नावापुढं खूण होते आणि मग त्या माणसाला केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. कर्मचाऱ्यांचं पथक पेटी घेऊन घरी येतं. पुठ्ठ्याच्या आडोशामागं खूण करायची, पाकीट बंद करायचं, पेटीत टाकायचं. माणूस भेटला नाही तर पथक आणखी एकदा येतं. त्यानंतर येत नाही.

एवढंच आहे. मला वाटलं होतं, हे सांगायला किती वेळ लागेल?

मला दिलेल्या वॉर्डाच्या बीएलओ सुनंदाताई अंगणवाडी चालवतात. मी त्यांच्याबरोबर घरोघर फिरायची. विधानसभेच्या वेळी अर्जाचे ते पाच दिवस नेमके दिवाळीच्या तोंडावर आले. प्रत्येक घरात माळ्यावरचे डबे खाली उतरलेले, कोणी शेव पाडतंय, कोणी पंखे पुसतंय. आम्ही दारात उभं राहून अर्जाचं सांगायचो आणि आतून उत्तर यायचं, दिवाळीनंतर पाहू ना. मी म्हणायची, काकू, दिवाळीनंतर मुदत नाही. त्या म्हणायच्या, सरकारी काम आहे, एवढी काय घाई असते. सरकारी कामाला उशीर चालतो यावर लोकांची एवढी श्रद्धा आहे की मुदत हा शब्द ते नुसता ऐकतात, धरत नाहीत. एका घरी तर करंजीच्या सारणात हात असलेल्या बाईंनी अर्ज तिथंच ठेवायला सांगितला. सुनंदाताई परत न्यायला गेल्या तेव्हा त्यावर शंकरपाळे वाळत घातले होते.

ज्यांनी अर्ज भरला त्यांचीही तऱ्हा वेगळीच. एक आजोबा रोज पोस्टमनची वाट पाहत फाटकाशी बसायचे, कारण मतदान टपाली आहे तर मत पोस्टमनच आणणार. पथक येतं म्हटल्यावर त्यांचा माझ्यावरचा विश्वास उडाला. कामावर नेमलेले एक प्राध्यापक मला बाजूला घेऊन विचारत होते की मतपत्रिका घरी नेऊन दोन दिवस विचार केला तर चालेल का. मी म्हटलं, सर, केंद्रातच द्यावं लागतं. ते नाराज होऊन म्हणाले, मग त्यात सुविधा कोणती.

मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदारांचा मुलगा सैन्यात आहे. तो सुट्टीवर येताना मतपत्रिका भरून, साहेबांची सही घेऊन, पाकीट बंद करून सोबतच घेऊन आला. वडिलांना वाटलं, पोस्ट कशाला, आपली संत्र्यांची गाडी तर रोजच अमरावतीला जाते. त्यांनी ते पाकीट ड्रायव्हरजवळ दिलं. ड्रायव्हर इमानदारीनं निवडणूक कार्यालयात गेला आणि तिथल्या बाबूंनी ते हातात घ्यायला नकार दिला. जवानाचं मत पोस्टानंच यायला हवं. टपाली मतदानाच्या मदतीसाठी माझाही नंबर दिलेला होता, म्हणून मला फोन आला. काका फार तापले होते. "म्या सोता मानूस पाठवला, आन् हे म्हन्ते पोस्टानंच पाठवा. पोस्ट काय माह्या ड्रायव्हरपेक्षा इमानदार हाय काय?" मी म्हटलं, काका, तरी पोस्टानंच. ते पाकीट त्याच दिवशी पोस्टात पडलं, हे ड्रायव्हरनं मला फोन करून कळवलं.

हे सगळं मी हसत सांगते. गुरुजींचं मात्र हसत सांगता येत नाही.

गुरुजी अमरावतीच्या जुन्या वस्तीतले, नव्वदीला टेकलेले, आयुष्यभर भिक्षुकी केलेले. आमच्या बाबांकडून त्यांच्या घरी वर्षानुवर्षं फुलं जातात. लहानपणी बाबांच्या सायकलवर बसून मीही जायची आणि अंगणातूनच पुडी देऊन परत फिरायची. आता सुनंदाताईंसोबत गेले तर त्यांच्या सूनबाईंनी मला आत खुर्ची दिली. सूनबाई वकील आहेत, मी त्यांना काकू म्हणते. मुलगा नागपूरला नोकरीला. घरात ही दोघंच.

गुरुजींनी एकही मतदान चुकवलं नव्हतं. स्नान करून, धुतलेलं धोतर नेसून, पंचांगातली चांगली वेळ पाहून ते केंद्रावर जायचे. पण गुडघे गेले होते, आणि लोकसभेच्या वेळी एप्रिलच्या उन्हात रांगेत बसून आल्यावर त्यांना ताप भरला. डॉक्टरांनी काकूंना बजावून ठेवलं होतं की पुन्हा हे नको. त्यामुळं घरून मतदानाचं ऐकून काकूंना हायसं वाटलं. गुरुजींनी अर्ज हातात घेतला, वाचला आणि पंचांगाखाली ठेवून दिला. सही चांगल्या वेळेला करतो म्हणाले. चांगली वेळ मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी निघाली. सुनंदाताई घरी पणत्या लावायच्या सोडून धावत तो अर्ज घ्यायला गेल्या.

त्या संध्याकाळी मी गुरुजींना सगळं पुन्हा सांगितलं. आता तुमच्या नावापुढं खूण होईल. केंद्रावर मत मिळणार नाही. पेटी दोनदा येईल. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "पेटी घरी येते म्हणजे आपल्या सवडीनं देता येईल ना मत?" मी म्हटलं, पथकाच्या सवडीनं, गुरुजी. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पथक पहिल्यांदा आलं ते दुपारी. पथकाचे प्रमुख जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक होते. सोबत एक मॅडम, व्हिडिओ काढणारा एक जण आणि पोलीस. ओसरीत टेबल मांडलं, पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला. गुरुजी पंचांग उघडून बसलेलेच होते. म्हणाले, चारपर्यंत भद्रा आहे. भद्रा म्हणजे असा काळ, ज्यात शुभ काम करत नाहीत. सर म्हणाले, अजून निम्मी यादी बाकी आहे, चारला आम्ही पार दुसऱ्या टोकाला असू. गुरुजी शांतपणे म्हणाले, मग आधी ती यादी करा, मी कुठं जातो आहे?

मी त्यांच्या पायाशी बसले. विचारलं, "गुरुजी, इंजेक्शन तुम्ही भद्रेतही घेता ना?"

"औषधाला दोष नाही. शास्त्रात सांगितलंय."

"मग मताला?"

"मताचं शास्त्रात काहीच सांगितलेलं नाही. म्हणून तर जपावं लागतं."

काकूंनी वकिलीची सगळी शक्ती लावून पाहिली. शेवटी सरांनी कागदावर नोंद केली, आडोशाची घडी घातली आणि दुसऱ्या फेरीची तारीख सांगितली. जाताना मला हळूच म्हणाले, "त्या दिवशी तरी यांचं पंचांग लपवून ठेव."

दुसरी फेरी तुळशीच्या लग्नांच्या दिवसांत आली. अकोल्याला गुरुजींचे एक जुने यजमान आहेत. त्यांच्या आजोबांच्या वेळेपासून त्या घरच्या तुळशीचं लग्न गुरुजीच लावतात. यजमान गाडी पाठवणार होते. फेरीच्या आदल्या संध्याकाळी लग्न, रात्री मुक्काम, सकाळी परत, दहाच्या आत घरी. काकू नको म्हणाल्या. मी फोनवर नको म्हणाले. गुरुजींचं म्हणणं असं की तुळस थांबत नाही, पेटी थांबते; पेटीला माणसं असतात, त्यांना सांगता येतं.

सकाळी मी त्यांच्या ओसरीतच जाऊन बसले. दहा वाजून गेले तरी गाडी नाही. फोन केला तर यजमानांच्या घरचा फराळ चालू होता. पुढच्या फोनला गाडी निघालेली होती. पथक आलं. सरांनी टेबल मांडलं, आडोसा उभा केला, काकूंनी चहा ठेवला. मी पुन्हा फोन लावला.

"गुरुजी, कुठवर आलात?"

"मूर्तिजापुरात आहे. इथल्या एका यजमानांच्या तुळशीचं राहिलं होतं. रस्त्यावरच घर आहे, म्हटलं पाच मिनिटांत लावून टाकतो."

तुळशीचं लग्न संध्याकाळी लावतात, हे मला फुलवाल्याच्या पोरीला माहीत आहे. आमची सगळी फुलं त्या दिवसांत दुपारनंतरच उठतात. मी ते बोलून दाखवलं. गुरुजी म्हणाले, प्रवासात आपद्धर्म असतो, अडचणीच्या वेळी नियम थोडा वाकवता येतो.

मला रडू यायला लागलं. तुळशीसाठी नियम वाकतो आणि मतासाठी भद्रा वाकत नाही. मी म्हटलं, "गुरुजी, पथक दारात बसलंय. उठा आणि गाडीत बसा."

"अगं, अंतरपाट धरलाय," ते म्हणाले. "अंतरपाट धरल्यावर उठता येतं का कुठं?" मागं मंगलाष्टकं चालू झालेली ऐकू येत होती. त्यांनी फोन खाली ठेवला असावा, पण बंद केला नव्हता.

सरांनी चहा संपवला. घड्याळ पाहिलं नाही, ती त्यांची सभ्यता. मॅडमनी पुढच्या घराचं नाव काढलं. तिथं अर्धांगवायू झालेल्या एक बाई होत्या. त्यांच्या मुलीचा सकाळपासून दोनदा फोन येऊन गेला होता. आईला आंघोळ घालून, उशांना टेकवून बसवून ठेवलं आहे, फार वेळ बसवत नाही, कधी येता. मूर्तिजापूरहून गाडी कितीही जोरात आली तरी तासभर. सरांनी माझ्याकडं पाहिलं. निर्णय त्यांचाच होता, पण बहुधा त्यांना तो एकट्यानं घ्यायचा नव्हता. म्हणाले, "बोल बेटा, काय करू?"

काकू दारात उभ्या होत्या.

मी म्हटलं, "जा सर. त्या बाई बसून असतील."

त्यांनी पेटी उचलली. मी आडोशाची घडी घालून मॅडमना दिली. गुरुजी दुपारी आले, हातात नारळ, कपाळाला गंध. टेबल दिसलं नाही तेव्हा त्यांनी विचारलं, गेले का? काकू हो म्हणाल्या. गुरुजी म्हणाले, बरं, मग मी केंद्रावर जातो. आम्ही दोघींनी त्यांना सांगितलं की तिथं आता मिळणार नाही. ते म्हणाले, मला कोण परत पाठवतो तेच पाहतो.

मतदानाच्या दिवशी माझी नेमणूक त्यांच्याच केंद्रावर, शाळेच्या फाटकाशी व्हीलचेअर घेऊन. काकूंची गाडी आली. गुरुजी धुतलेल्या धोतरात, खांद्यावर उपरणं. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि आत नेलं. रांगेतल्या लोकांनी आपणहून वाट दिली. निम्म्या रांगेची लग्नं त्यांनीच लावलेली. आतल्या अधिकाऱ्यांनी यादीवर बोट फिरवलं, थांबवलं आणि मान वर केली.

"बाबा, तुम्ही घरून मतदान मागितलं होतं."

"मागितलं होतं. झालं नाही."

"मग इथं देता येत नाही."

गुरुजींनी काकूंकडं पाहिलं. त्यांची सून कोर्टात भल्याभल्यांना गप्प करते. काकू वाकून त्यांच्या कानाशी म्हणाल्या, "बाबा, कायदा हाच आहे." गुरुजींनी खोलीतल्या त्या आडोशाकडं पाहिलं. कोणीतरी आत उभं होतं, यंत्राचा लांब आवाज आला आणि तो माणूस बोट पुसत बाहेर पडला. मग गुरुजींनी मला खुर्ची वळवायला सांगितलं.

मला वाटलं, घरी जातील. ते म्हणाले, ऊन आहे, व्हरांड्यात थांबू, सूनबाईंचं मतदान होऊ दे. काकूंचं झालं तरी ते उठेनात. येणारा-जाणारा वाकून नमस्कार करी आणि रीतीप्रमाणे विचारी, "झालं का गुरुजी मतदान?" मी त्यांच्या मागं उभी. पहिल्या एक-दोघांना त्यांनी नुसता हात हलवला. मग ज्यांचं लग्न गुरुजींनीच लावलं होतं असे एक दुकानदार आले आणि त्यांनी तेच विचारलं.

"नाही झालं," गुरुजी म्हणाले. "माझ्या हातानं घालवलं."

दुकानदारांना पटेना. ते म्हणाले, "तुमच्यासारख्याले वापस पाठवते म्हंजे काय? भांडा लागते."

"भांडू कोणाशी? पेटी दोनदा माझ्या दारात येऊन गेली. एकदा मी होतो, एकदा नव्हतो." मग त्यांनी त्या गृहस्थांना विचारलं, "तुझी आई आहे ना रे? तिचा अर्ज भरला होता का?" नव्हता भरला. दिवाळीत राहून गेलं होतं.

त्यानंतर जो नमस्काराला वाके त्याला गुरुजी न विचारता सांगू लागले. अर्ज पाच दिवसांत. मग केंद्रावर नाही. पेटी दोनदाच. माझेच शब्द, त्याच क्रमानं. हेच मी दोन निवडणुका दारोदार सांगत फिरले होते आणि लोक माझ्याकडं पाहत करंज्या तळत होते. आता तीच माणसं हात जोडून ऐकत होती. मला बरं वाटायला हवं होतं. पण मला त्यांच्या पांढऱ्या, कोरड्या बोटाकडं पाहवत नव्हतं, आणि राग तर इतका येत होता की खुर्चीचं हँडल सोडलं तर रडेन असं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून माझा फोन वाजायला लागला. गुरुजींनी नंबर दिला म्हणे. पलीकडून कोणी म्हणे, आमच्या बाबांचा तो पेटी घरी आणायचा फॉर्म भरायचा आहे. मी म्हणे, काका, निवडणूक कालच झाली. ते म्हणत, हो, म्हणूनच म्हटलं, आता सवड आहे. असे चार-पाच फोन मी घेतले. शेवटचा फोन गुरुजींचा होता.

त्यांनी इकडचं तिकडचं काही विचारलं नाही. पुढची मोठी निवडणूक कधी, एवढंच विचारलं. मी सांगितलं. पलीकडून पानं उलटल्याचा आवाज आला.

"तेव्हाचं पंचांग अजून छापलेलं नाही," ते म्हणाले. "तू आपली सरळ पहिल्याच दिवशी ये. मी वेळ पाहणार नाही."

मी हो म्हणाले.